सरकत्या फोनचा कामगारी इतिहास



आपल्या भागाच्या इतिहासातला एखादा विषय घ्या, असे व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात अंबरनाथचे शिवालय असावे असा आमचा तर्क आहे. त्या देवळावर 1060 सालचा शिलालेख आहे, आणि त्यावर बोलणारी विद्वान माणसे ह्याच व्यासपीठावरून बोलून गेली आहेत. आमचे शिक्षण कारखान्याच्या दरवाजावर झाले. आम्हांस शिलालेख वाचता येत नाहीत. नोटीस-बोर्ड मात्र चांगले वाचता येतात. म्हणून आम्ही हजार वर्षांपूर्वीची वस्तू सोडून वीस वर्षांपूर्वीची उचलली आहे. ती म्हणजे सरकता फोन. तरुण मंडळींपैकी काहींनी तो आपल्या वडिलांच्या कपाटात, मोडलेल्या घड्याळाशेजारी पडलेला पाहिला असेल. विषय क्षुल्लक वाटला तर राग मानू नये. ज्या वस्तूने मजुराच्या जिभेला पहिल्यांदा दूरवर पोहोचविले, तिचा इतिहास क्षुल्लक कसा म्हणावा?

तो फोन येण्यापूर्वी कॅम्पात काय होते, हे आधी पाहू. उल्हासनगर हे मुळात दुसऱ्या महायुद्धातले लष्करी तळ. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना सरकारने ह्या बराकींत आणून ठेवले, आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी ह्यांच्या हस्ते त्या छावणीचे 'उल्हासनगर' असे नामकरण झाले. नाव शहराचे मिळाले, पण आम्ही अद्याप पत्ता सांगताना 'कॅम्प एक, कॅम्प दोन' असाच सांगतो. पाठीमागे उल्हास नदी, पलीकडे शहाडचा रेयॉनचा कारखाना, आणि रुळांच्या बाजूने अंबरनाथ-बदलापूरपर्यंत पसरलेली रसायनांची, कापडाची, यंत्रभागांची कामे. ह्या मुलखात टेलिफोन ही वस्तू शेटजींच्या गादीवर, कारखान्याच्या टाइम-ऑफिसात आणि डॉक्टरांच्या दवाखान्यात असे. मजुराच्या घरी मरण आले की निरोप येई तो शेजारच्या दुकानावर, आणि दुकानदार भला असला तरच तो वेळेवर पोहोचे.

1984 साली सी-डॉट ही संस्था निघाली आणि पुढच्या काही वर्षांत पिवळ्या पाट्यांचे पी.सी.ओ. गल्लोगल्ली उभे राहिले. त्यांनी मोठेच काम केले. परंतु बूथवरून मजूर बोलू शकत होता. मजुराशी कोणी बोलू शकत नव्हते. संघटनेच्या दृष्टीने ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या अडीच लाख गिरणी कामगारांनी संप पुकारला, तो चालला चाळींच्या जिन्यांवरून आणि दरवाजावरच्या सभांवरून. पत्रक छापावयाचे, पाळी सुटताना वाटावयाचे, आणि ज्याची रात्रपाळी असेल त्याच्या घरी पायी जावयाचे. आमच्या तरुणपणी आम्हीही तेच केले. शहाड ते बदलापूर किती पावलांचे अंतर आहे, हे आमच्या चपलांस विचारावे.

भ्रमणध्वनी हिंदुस्थानात आला तो 31 जुलै 1995 रोजी. त्या दिवशी कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीस दूरसंचारमंत्री सुखराम ह्यांच्याशी पहिले संभाषण केले. कम्युनिस्ट मुख्यमंत्र्याच्या हातून ह्या श्रीमंती वस्तूचे उद्घाटन व्हावे, ह्यात इतिहासाची थोडी थट्टा आहे, असो. त्याच वर्षी मुंबईत मॅक्स टच आणि बी.पी.एल. ह्या दोन कंपन्यांनी सेवा सुरू केली. दर असा की, मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात, आणि आलेला फोन उचलला तरी पैसे पडत! तेव्हाच्या कंत्राटी मजुराची दिवसाची मजुरी चार मिनिटांच्या बोलण्यात उडाली असती. कॅम्पातले व्यापारी तो फोन हातात घेऊन फिरत आणि घंटी वाजली की कापून टाकून पी.सी.ओ. शोधीत, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

येथे आपल्या भागाची एक मौज सांगण्याजोगी आहे. घरच्या टेलिफोनाच्या हिशेबी आपण कल्याणचे. आपला संकेतांक 0251, आणि मुंबईचा वेगळा. परंतु भ्रमणध्वनीच्या परवान्यात मुंबईच्या मंडळात नवी मुंबईबरोबर कल्याणच्या केंद्रांचाही समावेश झाला. म्हणजे भिंतीवरचा फोन कल्याणकर आणि खिशातला फोन मुंबईकर. ज्या कॅम्पाला मुंबईने कधी आपले मानले नाही, त्याला मुंबईचे नागरिकत्व पहिल्यांदा मिळाले ते असे. मात्र कसारा घाट चढून नाशिककडे गेले की परमुलूख. तेथे आलेल्या फोनचेही पैसे.

खरा पालट झाला तो 1 मे 2003 रोजी. त्या दिवसापासून फोन करणाऱ्याने पैसे द्यावयाचे आणि घेणाऱ्याने नाही, असा नियम लागू झाला. योगायोगाने तो महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन. दिल्लीच्या कचेरीत कोणी हे पाहून तारीख ठरविली असेल असे आम्हांस वाटत नाही, पण आम्ही आमच्यापुरती ती नोंद करून ठेवली आहे. 2005 च्या डिसेंबरात तर नऊशे नव्व्याण्णव रुपये एकदाच भरून 'आयुष्यभर' फोन घेता येण्याच्या योजना आल्या. मजुराला बोलावयाचे थोडे असते, ऐकावयाचे पुष्कळ असते: कामावर ये, येऊ नको, मुलगी आजारी आहे, गाडी आठला निघते. ऐकणे फुकट झाले आणि फोन कामगाराच्या खिशात आला.

आणि नेमका त्याच सुमारास सरकता फोन आला.

सरकता फोन म्हणजे काय, हे आज समजावून सांगावे लागते. 1996 साली नोकिया कंपनीचा 8110 निघाला. त्याच्या आकड्यांवर सरकते झाकण असे, आणि अंग वाकडे म्हणून लोक त्यास केळे म्हणत. 1999 च्या 'मॅट्रिक्स' चित्रपटात ह्या फोनचे झाकण बोटाच्या स्पर्शाने झटक्यात उघडते. विकत मिळणाऱ्या फोनमध्ये ती स्प्रिंग नव्हती. ती चित्रपटासाठी मुद्दाम बसविली होती. त्याच वर्षीच्या 7110 मध्ये मात्र कंपनीने ती खरोखरच दिली. परंतु ह्या दोहोंत सरकत होते ते झाकण. फोनचेच दोन थर करावयाचे, वरच्या थरात पडदा, खालच्यात आकडे, आणि वरचा थर खालच्यावरून सरकवावयाचा, ही रचना जर्मनीच्या सीमेन्स कंपनीने 1999 साली एस.एल. 10 ह्या फोनमध्ये आणली. पुढे सॅमसंगने 2004 च्या अखेरीस काढलेल्या डी 500 ने तिला जगभर लोकप्रिय केले, आणि मग डी 600, ई 250, नोकियाचा लाल-पांढरा 5300, दोन्ही बाजूंनी सरकणारा एन 95, अशी रांगच लागली.

नवा डी 500 कंत्राटी कामगाराच्या आवाक्यातला नव्हता. महिन्याच्या पगारात तो बसत नसे. पण उल्हासनगर कशास म्हणतात? दोन वर्षांत ते फोन जुने होऊन बाजारात उतरले, आणि त्यांच्यासारखे दिसणारे, दोन सिमांचे, कर्णा लावल्यागत वाजणारे चिनी सरकते फोनही आले. येथल्या मालावरच्या 'मेड इन यू.एस.ए.' ह्या अक्षरांचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा लावण्याची कोटी फार जुनी आहे आणि आता तिला कोणी हसतही नाही. पण त्या कोटीमागे एक कसब आहे. बाहेरून आलेली वस्तू उघडून पाहावयाची, तिचे अंतरंग समजून घ्यावयाचे, आणि मोडली तर फेकावयाची नाही, हे निर्वासितांच्या वस्तीने स्वतःच स्वतःला शिकविलेले शास्त्र आहे. टेबलभर रुंदीचे दुकान, एक दिवा, भिंग, गरम हवेची बंदूक आणि सहा टोकांचा स्क्रू-ड्रायव्हर एवढ्या भांडवलावर कॅम्पातल्या मुलांनी ते सारे फोन जिवंत ठेवले. 30 नोव्हेंबर 2009 नंतर ओळख-क्रमांक नसलेले फोन बंद करण्याचा सरकारचा हुकूम निघाला, तेव्हा कितीतरी कामगारांचे चिनी फोन मुके होण्याची वेळ आली. थोडे शुल्क घेऊन खरा क्रमांक बसवून देण्याची अधिकृत सोय झाली आणि पुष्कळांचे त्यावर निभावले.

वापरण्यास तो फोन फार सुटसुटीत. घंटी वाजली की अंगठ्याने वर सारा, बोलणे सुरू. खाली सारा, बोलणे बंद. दुसरा हात मोकळा राही. लोकलच्या दाराशी एका हाताने दांडी धरून उभा राहिलेल्या माणसास ह्याचे मोल कळते. झाकला असता खिशात आपोआप कळा दाबल्या जात नसत. आणि तो सरकताना 'खट्' असा जो आवाज होई, त्यात एक ऐट होती. गरिबाने ऐट करू नये असे म्हणणारी पुष्कळ शहाणी माणसे आम्ही पाहिली आहेत. त्यांच्या हातात नेहमी ताजा नमुना असे.

दोष एकच, पण तो मर्माचा. वरच्या थरातला पडदा आणि खालच्या थरातले यंत्र ह्यांना जोडणारी एक पातळ, लवचिक पट्टी आत असते. दुरुस्तीवाले तिला फ्लेक्स म्हणतात. कागदासारख्या प्लॅस्टिकवर तांब्याच्या केसाएवढ्या रेषा. फोन उघडला-मिटला की ही पट्टी दुमडते आणि उलगडते. दिवसातून पन्नास वेळा धरले तरी वर्षाकाठी अठरा हजारांवर घड्या झाल्या. लोखंडाची तारसुद्धा वारंवार वाकविली की तुटते. यंत्रशाळेत काम केलेल्या कोणासही हे सांगावे लागत नाही. त्यात आपल्या जीन्सच्या कारखान्यांतला कापसाचा भुगा रुळांत जाऊन बसे आणि फोन जोराने सारावा लागे. मग एके दिवशी तांब्याची एखादी रेषा तुटे. फोन चालू, घंटी वाजते, आवाज येतो, पण पडदा काळा. 26 जुलै 2005 च्या पुरात उल्हास आणि वालधुनीचे पाणी वस्त्यांत शिरले, त्या दिवशी फोनची यंत्रणाच तासन्‌तास बंद पडली होती आणि माणसे पुन्हा पायांनीच निरोप पोहोचवीत होती. पुढचे काही आठवडे दुरुस्तीच्या टेबलांवर चिखल भरलेले फोन उघडून वाळत पडलेले असत.

ह्या काळ्या पडद्याशी आमच्या संघटनेचा जो संबंध आला तो सांगतो.

फोन कामगाराच्या खिशात आला, तसा तो ठेकेदाराच्या हिशेबातही आला. पूर्वी कामावरून कमी करावयाचे तर निदान दरवाजावर अडवावे लागे, आणि अडविले की चार साक्षीदार मिळत. आता रात्री दहाला संदेश येऊ लागला: 'उद्यापासून येऊ नये.' कागद नाही, सही नाही, शिक्का नाही. विचारावयास गेले तर मुकादम म्हणे, तूच कामावर आला नाहीस, तूच काम सोडलेस. त्या वेळी लागू असलेल्या 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 25-एफ प्रमाणे, वर्षभर सलग नोकरी केलेल्या माणसास कमी करावयाचे तर महिन्याची लेखी नोटीस किंवा महिन्याचा पगार, आणि शिवाय भरपाई, देणे भाग होते. आणि वर्षात 240 दिवस काम भरले की ती वर्षभर सलग नोकरी धरली जाई. म्हणून सारा झगडा एका मुद्द्यावर येई: मालकाने काढले की कामगाराने सोडले? ह्याचे उत्तर त्या संदेशात होते.

बदलापूरच्या बाजूच्या एका कारखान्यातल्या अकरा कंत्राटी कामगारांना असा संदेश आला. कारखान्याचे नाव घेण्याचे कारण नाही. दहाजणांनी रागाने किंवा जागा करण्यासाठी तो पुसून टाकला होता, कारण त्या काळच्या फोनांत थोडेच संदेश मावत. अकराव्याने पुसला नव्हता. पण त्याच्या सरकत्या फोनची पट्टी तुटली होती. तारीख चार दिवसांवर. आम्ही त्यास घेऊन कॅम्प एकमधल्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. तो पोरगा विशीतला होता. त्याने आधी एकच प्रश्न विचारला, "काका, संदेश फोनमध्ये आहे की सिममध्ये?" सिममध्ये असता तर दुसऱ्या फोनात घालून वाचता आला असता. तो फोनमध्ये होता. मग त्याने अंगाचे स्क्रू काढले, दोन थर सोडविले, तुटलेली पट्टी काढून दुसऱ्या मेलेल्या फोनची बसविली. पडदा उजळला. संदेश होता, वर पाठविणाऱ्याचा क्रमांक होता आणि तारीख-वेळही होती. पोराने आमच्याकडून फक्त पट्टीचे पैसे घेतले. विद्युत् नोंदींना पुरावा म्हणून स्थान देणारे कलम 65-ब भारतीय पुरावा कायद्यात 2000 सालीच आले होते. परंतु आमचे प्रकरण तिथवर गेलेच नाही. समेटाच्या बैठकीत फोन टेबलावर ठेवून अंगठ्याने वर सारला, ठेकेदाराच्या माणसाने तो वाचला, आणि अकराही जणांची भरपाई ठरली. कामावर परत घेतले ते सहांनाच. हा विजय आम्ही मोठा करून सांगत नाही.

त्या दिवसापासून आमच्या सभासदांना आम्ही दोन गोष्टी सांगू लागलो: संदेश पुसू नका, आणि तो वहीत शब्दशः तारखेसह उतरवून घ्या. संघटनेची नोंदवहीही बदलली. पत्त्याच्या रकान्याशेजारी क्रमांकाचा रकाना आला. मिस्ड कॉलची आमची एक सांकेतिक भाषा तयार झाली: एक घंटी म्हणजे सभा आहे, दोन म्हणजे पुढे ढकलली. पैसा एकही पडत नसे. कंपन्या ह्यावर फार चिडत असतील, पण तार ज्या मजुराने कधी पाठविली नाही त्याने ही फुकटची तार शोधून काढली.

आता, यंत्र वापरणाऱ्या कामगाराने ते कोणी केले हे विचारल्याशिवाय राहू नये. आम्हीही ते शोधीत गेलो, आणि वाचता वाचता जर्मनीतल्या एका गावी पोहोचलो. त्याचे नाव काम्प-लिंटफोर्ट. हा 'काम्प' आपल्या 'कॅम्प'चा दूरचा भाऊ आहे. दोहोंचे मूळ मोकळ्या मैदानाला असलेल्या लॅटिन शब्दात सापडते. गाव कोळशाच्या खाणीचे. सीमेन्सचे फोन बनविणाऱ्या कारखान्यांपैकी एक तेथे होता. 2004 साली कंपनीने सांगितले की, खर्च परवडत नाही, काम हंगेरीत नेऊ. तेथील धातुकामगारांची युनियन आय.जी. मेटाल ही युरोपातल्या बलाढ्य संघटनांपैकी एक. तिने त्या जूनमध्ये करार केला: आठवड्याचे 35 तास होते ते 40 करावयाचे, जादा पगार घ्यावयाचा नाही, नाताळच्या आणि सुटीच्या बोनसवरही पाणी सोडावयाचे, बदल्यात दोन वर्षे काम गावातच राहील. 35 तासांचा आठवडा ह्याच युनियनने 1984 मध्ये सात आठवडे संप करून मिळवावयास सुरुवात केली होती. ती कमाई कामगारांनी परत केली. दुसऱ्याच वर्षी, 2005 मध्ये, सीमेन्सने फोनचा सारा धंदा तैवानच्या बेनक्यू कंपनीच्या हवाली केला. आणि 2006 च्या सप्टेंबरअखेर बेनक्यूने जर्मन शाखेला पैसा देणे थांबविले. शाखेचे दिवाळे निघाले. सुमारे तीन हजार माणसांची रोजी गेली. वाढविलेले पाच तास कोणाच्या खात्यावर जमा झाले, हे विचारावयासही समोर कोणी उरले नाही.

आमच्या काही तरुण सहकाऱ्यांना ह्यावर असे वाटते की, करारच करू नये. आम्हांस तसे वाटत नाही. त्या गावच्या पुढाऱ्यांसमोर जी दोन दारे होती त्यांत तिसरे नव्हते, आणि दूर बसून त्यांस भित्रे म्हणणे सोपे आहे. पण करार ज्याच्याशी केला तोच उद्या आपली जागा दुसऱ्यास देऊन निघून गेला तर काय, हे कलम त्यांच्या करारात पुरते बांधले गेले नव्हते, आणि आपल्या इथल्या कंत्राटी करारांत तर ते नावालाही नसते. ठेकेदार बदलला की जुनी नोकरी शून्य.

आपल्याच देशात, मद्रासजवळ श्रीपेरुंबुदूर येथे, नोकियाने 2006 मध्ये कारखाना सुरू केला. तेथे मुख्यतः साधे, स्वस्त फोन होत, आणि हात होते बहुतेक खेड्यांतून आलेल्या तरुण मुलींचे. 2009 आणि 2010 मध्ये तेथे पगारवाढीसाठी संप झाले. 2010 च्या ऑक्टोबरअखेर एक तरुण कामगार मुलगी यंत्रात सापडून दगावली. पुढे 2013 मध्ये करावरून सरकारशी कंपनीचा वाद पेटला आणि कारखान्याची मालमत्ता गोठविली गेली. 2014 च्या एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्टने नोकियाचा फोनचा धंदा घेतला तो हा कारखाना वगळून. आणि 1 नोव्हेंबर 2014 रोजी तेथले उत्पादन थांबले. हजारो कामगार आधीच स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सही करून गेले होते. 'स्वेच्छा' हा शब्द त्या कागदावर कोण घालतो, हे ह्या सभागृहातल्या जुन्या गिरणी कामगारांस आणि एन.आर.सी.च्या मोहन्याच्या कामगारांस ठाऊक आहे.

सरकता फोन त्याच्या आधीच मागे पडला. सारा पडदाच बोटाने चालू लागला तेव्हा सारावयास काही उरले नाही, आणि पट्टीही उरली नाही. नवे फोन चिकटविलेले असतात. कॅम्पातला पोरगा ते अजून उघडतो, पण पूर्वीसारखे चार स्क्रू काढून नव्हे. ठेकेदारही बदलला. तो आता संदेश पाठवीत नाही. कामगारांचा व्हॉट्सॲपवर एक समूह केलेला असतो, पाळ्या त्यावर लागतात, आणि ज्यास काढावयाचे त्याचे नाव समूहातून काढतात. दुसऱ्या दिवशी त्यास पाळी दिसत नाही, इतकेच. 'येऊ नये' हे शब्दसुद्धा कोणी लिहीत नाही.

1872 चा पुरावा कायदा जाऊन 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियम आला. त्यात ह्या विद्युत् नोंदींचे कलम 63 आहे. तेव्हा सभासदांना सांगावयाच्या गोष्टी आता आम्ही तीन केल्या आहेत. पाळ्यांचे वेळापत्रक दररोज पडद्याचे चित्र घेऊन जपून ठेवावे. समूहातून नाव गेले की त्याच क्षणी, काहीही न पुसता, ते दाखविणारे चित्रही घ्यावे. आणि फोन बिघडला तर दुकानदारास तो कोरा करू देण्याआधी संघटनेच्या कचेरीत आणावा. कॅम्प एकमधला तो दुरुस्तीवाला आता चाळिशीकडे आला आहे आणि संध्याकाळी सातनंतर भेटतो.